परिपत्रकावरची तारीख आधी वाचा

वर्दी आली की आम्ही प्रश्न विचारत नाही. साहेब ‘चला’ म्हणाले की बंब फाटकाबाहेर. आगीच्या ठिकाणी ही सवय माणसं वाचवते. करोनाच्या काळात मात्र लसीच्या नियमांपुढेही आमची पोरं तशीच वागली. कुणीतरी सांगितलं, यांनी ऐकलं. नियम कुणी काढला, कधीपासून लागू आहे, आपल्याला लागू आहे का, हे फार थोड्यांनी विचारलं. मी एका महापालिकेच्या अग्निशमन दलात प्रमुख अग्निशामक होतो आणि आमच्या केंद्राची लसीची वही माझ्या हातात होती. पुढची साथ आली की बंबावरच्या, रुग्णवाहिकेवरच्या आणि बंदोबस्तावरच्या माणसांना पुन्हा आधी टोचतील आणि पुन्हा महिन्यागणिक नियम फिरवतील. तेव्हा उपयोगी पडावं म्हणून हे लिहितो आहे.

लस घ्यावी की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. २०२१ साली राज्यातल्या मोठ्या दुर्घटना आठवा. जानेवारीत भंडाऱ्याला नवजात बालकांच्या कक्षात आग, मार्चमध्ये भांडुपला मॉलमधल्या रुग्णालयाला, एप्रिलमध्ये नाशिकला ऑक्सिजनची गळती, दोनच दिवसांत विरारला अतिदक्षता विभागात आग, नोव्हेंबरात नगरच्या जिल्हा रुग्णालयात. भंडारा सोडलं तर बाकी सगळीकडे करोनाचे रुग्ण होते आणि आत शिरायचं होतं अग्निशामकांनी. धुरात श्वास घेण्याचा बीए सेट तोंडावर असतो, तोवर ठीक. पण रुग्णाला चादरीत घालून जिन्याने खाली आणताना मास्क कुठे सरकला आहे, हे कोण बघतं? म्हणून ‘लस म्हणजे जबरदस्ती’ म्हणणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. माझं भांडण लसीशी नव्हतं, कागदाशी होतं.

पहिला घोळ यादीचा. १६ जानेवारी २०२१ला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली आणि २ फेब्रुवारीपासून पोलीस, पालिका कर्मचारी वगैरे आघाडीवरच्यांची पाळी आली. आपली नोंद आपण करायची सोय तेव्हा नव्हती. खात्याने नावं कोविन पोर्टलवर चढवायची आणि मोबाइलवर मेसेज आला की जायचं. कायम नोकरीतल्यांची यादी आस्थापना विभागाकडे तयारच होती. आमच्या केंद्रावर काही यंत्रचालक ठेकेदारामार्फत आलेले होते. ठेकेदार म्हणाला, नावं पालिका पाठवेल. पालिकेतला बाबू म्हणाला, ते आमच्या आस्थापनेवर नाहीत. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि पोरं मधल्या मध्ये राहिली. एप्रिलच्या सुरुवातीला केंद्र सरकारने आरोग्य आणि आघाडीच्या कर्मचाऱ्यांची नवी नोंदणीच थांबवली. कारण दिलं, की अपात्र लोकांची नावं यादीत घुसवली जात आहेत. ती घुसवली जात होती हे खरंच आहे. पण त्या दाराबाहेर आमची खरी पात्र पोरंही अडकली.

ही पोरं पंचविशी-तिशीतली. १ एप्रिलला पंचेचाळीसच्या पुढच्यांना लस खुली झाली, त्यात ती बसत नव्हती. १ मेपासून अठरा ते चव्वेचाळीसचा गट सुरू झाला आणि आपल्या राज्यात साठाच नसल्यामुळे पंधरवडाही झाला नाही तोच थांबला. जून संपता संपता त्यांना पहिला डोस मिळाला, तोही ‘नागरिक’ म्हणून. दुसऱ्या लाटेतले सगळे दिवस त्यांनी लसीविना गाडी चालवली.

म्हणून पहिली गोष्ट. यादी तयार होते तेव्हा ती स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ‘नाव दिलंय’ या उत्तरावर समाधान मानू नका. ठेक्यावर असाल तर ठेकेदाराला आणि खात्याला एकच अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पोच नसलेला अर्ज सरकारी कचेरीत जन्मालाच येत नाही. आधार कार्डावर नाव जसं आहे तसंच यादीत लिहायला सांगा. आडनाव आधी की नाव आधी एवढ्यावरून लोकांची सर्टिफिकेटं महिनोन्‌महिने अडली होती.

दुसरी गोष्ट केंद्र सांभाळणाऱ्यांसाठी, आणि ही कुठल्याच परिपत्रकात नव्हती. एका पाळीतल्या सगळ्यांना एकाच दिवशी टोचू नका. कोव्हिशिल्डच्या पहिल्या डोसनंतर अनेकांना त्या रात्री थंडी वाजून ताप येत असे, अंग ठणके. दोन दिवसांत बरं वाटायचं, पण ते दोन दिवस शिडीवर चढवण्यासारखा माणूस तो नसायचा. वरून सांगणं होतं की सगळ्यांना एकदाच घेऊन जा, आकडा दिसला पाहिजे. आमच्या केंद्र अधिकाऱ्यांनी तो आकडा दिसू दिला नाही. प्रत्येक पाळीतून थोडे थोडे पाठवले, टोचून आलेल्याला दुसऱ्या दिवशी फोनवर आणि वॉचरूममध्ये बसवलं, गाडीवर नाही. यंत्रचालक तर दोघे एकदम कधीच पाठवले नाहीत. आम्हाला आठवडाभर ‘मागे पडलेलं केंद्र’ म्हणून बोलणी बसली. शेजारच्या केंद्राने एका दिवसात उरकलं, त्यांचं कौतुक झालं, आणि दुसऱ्या दिवशी भंगाराच्या गोदामाची वर्दी आली तेव्हा त्यांची माणसं अंथरुणात होती. गेलो आम्हीच. डोसनंतरची विश्रांती ही रजा नाही, ड्युटीचा भाग आहे, असं लेखी काढून घेता आलं तर उत्तम. नाही तर पाळीपत्रकात तरी तशी नोंद करा.

मग सुरू झाला अंतराचा खेळ. कोव्हिशिल्डचा दुसरा डोस आधी अठ्ठावीस दिवसांनी होता. २२ मार्चला केंद्र सरकारने राज्यांना लिहिलं की सहा ते आठ आठवड्यांनी द्या. १३ मेला ते झालं बारा ते सोळा आठवडे. कोव्हॅक्सिनचं मात्र चार ते सहा आठवडेच राहिलं. प्रत्येक बदलाला वैद्यकीय कारण होतं. अंतर वाढलं की प्रतिकारशक्ती अधिक चांगली तयार होते असं अभ्यासांत दिसलं होतं. लशीची टंचाईही त्याच वेळी होती, त्यामुळे लोकांनी हवा तो अर्थ काढला. आमच्या वहीत तोवर तीन वेगवेगळ्या तारखा पेन्सिलने लिहून खोडल्या गेल्या होत्या. १६ मेला केंद्राने स्पष्ट केलं की दुसऱ्या डोसची आधी ठरलेली वेळ रद्द होणार नाही. पण हे त्या दिवशी लसीकरण केंद्राच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला कुठे माहीत होतं? आमचे काही जण ठरलेली वेळ हातात घेऊन गेले आणि ‘चौऱ्याऐंशी दिवस झाले नाहीत’ एवढं ऐकून परत आले. त्यानंतर मी सगळ्यांना एक सवय लावली. ज्या नियमावर आपला हक्क उभा आहे, तो नियम छापून खिशात ठेवायचा. मोबाइलवरचा फॉरवर्ड नव्हे. खात्याचं नाव, क्रमांक, तारीख आणि सही असलेला कागद.

हा खिशातला कागद आमच्या एका फायरमनला फार उपयोगी पडला. फेब्रुवारीच्या शेवटी त्याचा पहिला डोस झाला, एप्रिलमध्ये तो पॉझिटिव्ह आला आणि मेच्या सुरुवातीला बरा झाला. १९ मेला केंद्राने सांगितलं की करोनातून बरं झाल्यावर तीन महिने थांबून लस घ्यावी; पहिल्या डोसनंतर लागण झाली असेल तर दुसऱ्यालाही तेच. म्हणजे त्याची पाळी ऑगस्टात. इकडे आमच्या कार्यालयाने जुलैत फर्मान काढलं की दोन डोस आणि त्यावर चौदा दिवस झाले नसतील, तर दर आठवड्याला स्वतःच्या खर्चाने आरटीपीसीआर करून आणा. आता हा माणूस थांबला तर दर आठवड्याला खिशातून पैसे घालतो आणि टोचून घेतो तर केंद्र सरकारचा नियम मोडतो. बाकीच्यांनी त्याला सल्ला दिला तो नेहमीचाच: आजार झाल्याचं सांगू नकोस, गुपचूप घेऊन ये. त्याने तसं केलं नाही. पॉझिटिव्ह रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि केंद्राच्या पत्राची प्रत जोडून अर्ज दिला आणि शेवटी विचारलं की मी यातला कुठला नियम पाळू, ते लेखी कळवावं. ‘लेखी कळवावं’ या दोन शब्दांनी जे काम होतं ते अर्धा तास हुज्जत घालून होत नाही. त्याला त्या चाचणीतून सूट मिळाली.

सगळ्यांत कडू भाग नोव्हेंबर-डिसेंबरचा. २७ नोव्हेंबर २०२१ला राज्य सरकारचा आदेश आला. आस्थापनांतले कर्मचारी पूर्ण लसीकरण झालेले असावेत, नाही तर दंड. त्याच आदेशात वैद्यकीय कारणाने लस घेता येत नाही अशांना मान्यताप्राप्त डॉक्टरच्या दाखल्यावर सूट होती. खाली उतरता उतरता त्या आदेशातली सूट गळून गेली आणि दंडाचं रूपांतर पगार अडवण्यात झालं. ‘दोन डोस नाहीत त्यांचा पगार काढू नका.’ हे कुणी, कधी म्हणालं? आमच्याकडे तरी कागद नव्हता. फोन होता.

त्यात दोन प्रकारची माणसं सापडली. एकाला पहिल्या डोसनंतर अर्ध्या तासात अंगभर गांधी उठून श्वास अडकला होता, त्याला इंजेक्शन देऊन रात्रभर रुग्णालयात ठेवलं होतं. अशा माणसाला तीच लस पुन्हा देऊ नये, हे सरकारी सूचनांतच होतं. पण त्याने आणलेला दाखला गल्लीतल्या डॉक्टरांचा, एका ओळीचा: ‘यांना लस देऊ नये.’ तो फेटाळला गेला. मग आम्ही लसीकरण केंद्रावर जाऊन त्या दिवसाची नोंद काढली. तारीख, लशीचं नाव, किती मिनिटांनी काय झालं, काय उपचार केले, असा सगळा तपशील घेऊन जिल्हा रुग्णालयातून दाखला आणला. तो चालला. लसीनंतर काहीही वेगळं झालं तर त्याच दिवशी त्याच केंद्रावर त्याची नोंद करून घ्या. नंतर सांगितलेलं दुखणं सबब ठरतं.

दुसरी माणसं म्हणजे आमचे तेच ठेक्यावरचे यंत्रचालक. कोव्हिशिल्ड जूनअखेर घेतलेली, चौऱ्याऐंशी दिवस धरून आणि मध्ये कामाच्या पाळ्यांत अडकून दुसरा डोस काहींचा लांबलेला. त्यांचा पगार ठेकेदाराने अडवला. खुद्द केंद्र सरकार पहिल्यापासून लस ऐच्छिक आहे असं सांगत होतं. जानेवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांनी प्रतिज्ञापत्रावरही सांगितलं की संमतीशिवाय कुणालाही टोचण्याची कल्पना आमच्या सूचनांत नाही. दिल्लीत ऐच्छिक, मुंबईत सशर्त आणि आमच्या फाटकावर सक्तीची, अशी ही लस होती.

१० जानेवारी २०२२पासून आघाडीच्या कर्मचाऱ्यांना तिसरा, म्हणजे खबरदारीचा डोस सुरू झाला. दुसऱ्या डोसला नऊ महिने झालेले हवेत. ठेक्यावरच्या पोरांची नोंद ‘नागरिक’ अशी असल्यामुळे कोविन त्यांना आघाडीचे मानायलाच तयार नव्हतं. यावर तोडगा होता, पण तो फार कुणाला ठाऊक नव्हता. नोकरी देणाऱ्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला घेऊन सरकारी केंद्रावर प्रत्यक्ष गेलं की तिथे नोंद करून डोस देत; ऑनलाइन किंवा खासगी रुग्णालयात ते होत नसे. दाखला मागायला गेल्यावर ठेकेदाराने पुन्हा पालिकेकडे बोट दाखवलं. या वेळी पोरांकडे यादीत नाव घालण्यासाठी फेब्रुवारी २०२१मध्ये दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत होती. तीन दिवसांत दाखले मिळाले. नऊ महिने भरले तसे एकेक जण जाऊन डोस घेऊन आले.

२ मे २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर निकाल दिला. आमच्या केंद्रावर लगेच दोन तट पडले. एक म्हणे कोर्टाने लस चुकीची ठरवली, दुसरा म्हणे कोर्टाने सरकारला मोकळीक दिली. दोन्ही चूक. कुणालाही सक्तीने लस टोचता येणार नाही, शरीरावरचा हक्क घटनेच्या एकविसाव्या कलमात येतो, असं न्यायालयाने म्हटलं. लसीकरणाचं धोरण मनमानी नाही, असंही म्हटलं. साथ आवरण्यासाठी सरकार निर्बंध घालू शकतं, पण ते प्रमाणात हवेत. आणि तेव्हाच्या परिस्थितीत लस न घेतलेल्यांवर घातलेले निर्बंध प्रमाणात असल्याचं दाखवणारी माहिती राज्यांनी समोर ठेवलेली नाही. म्हणजे पुढच्या साथीत, वेगळ्या आजारात, वेगळी माहिती समोर असेल तर निर्बंध पुन्हा येऊ शकतात. ‘कोर्टाने सांगितलंय’ म्हणून तेव्हा छाती काढून उभं राहू नका. त्या वेळचा आदेश मागा, वाचा, त्यातली सूट शोधा.

निकालानंतर अडवलेल्या पगारासाठी अर्ज झाले. कायम नोकरीतल्यांचे पैसे निघाले, कारण त्यांच्या पगारपत्रकात ‘स्थगित’ असा शेरा होता. ठेक्यावरच्यांच्या पत्रकात शेराच नव्हता. त्या दिवसांची हजेरीच कोरी ठेवली होती. ज्या दिवशी त्यांनी बंब चालवला त्या दिवशी ते कागदोपत्री कामावरच नव्हते. वर्दी नोंदवहीत मात्र प्रत्येक गाडीपुढे चालवणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. त्या पानांच्या प्रती माहिती अधिकारात काढून त्यांनी कामगार आयुक्तांकडे दाद मागितली आहे. तुमच्या केंद्रावर असं कुणी असेल, तर जुन्या वह्या रद्दीत जाण्याआधी त्या पानांच्या प्रती काढून ठेवा.