काळ्या मातीला राख नको, शेणखत द्या

आपल्या हिमायतनगर भागात घरामागे गुलाब, मोगरा, लिंबू लावणारे पुष्कळ आहेत. कोणी हौसेने लावतो, कोणी रोपे-फुले विकून चार पैसे मिळावेत म्हणून. रोप वाळले की माती कमजोर आहे असे समजून आपण राख, वाळू, हाडांचा चुरा आणून टाकतो. पैसाही जातो आणि रोपही.

आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली आहे. तिच्यात चुना व पालाश सहसा भरपूर असतो. तिचा सामू साधारण ७.५ ते ८.५, म्हणजे ती विम्लतेकडे झुकणारी. पावसात ती फुगते व मुळांची हवा बंद होते, उन्हाळ्यात भेगाळते. उणीव असते ती सेंद्रिय पदार्थांची आणि नत्राची.

आता वस्तू एकेक पाहू.

राख : भट्टीची लाकडी राख विम्लता आणखी वाढवते. अशा मातीत ती टाकू नये.

हाडांचा चुरा : त्यातील स्फुरद आम्ल मातीतच नीट विरघळते. इथे तो बहुतेक पडूनच राहतो.

वाळू : चिकण मातीत थोडी वाळू मिसळल्याने ती मोकळी होत नाही, उलट घट्ट होते. वीटभट्टीवाल्यांना हे सांगायला नको.

भुसा : सुतारकामाचा ताजा भुसा कुजताना मातीतले नत्र ओढून घेतो. शेणात मिसळून पाच-सहा महिने कुजवावा, मगच वापरावा.

मग उपाय काय? चांगले कुजलेले शेणखत किंवा लेंडीखत. वाफ्यावर दोन इंच थर पसरून वीतभर खोलीपर्यंत मिसळावे आणि हे दरवर्षी करावे. वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवावा. माती ओली असताना खणू नये, ढेकळे दगडासारखी होतात. वरून पालापाचोळा अंथरावा.

निचरा पाहण्यासाठी फूटभर खोल खड्डा पाण्याने भरा. ते जिरल्यावर पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसले तर तिथे लिंबू लावू नये.

कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या दिसल्या तर झाडाला लोह मिळत नाही असे समजावे. रंगाऱ्यांच्या ओळखीची हिराकस लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम, सोबत १ ग्रॅम लिंबूसत्व घालून संध्याकाळी फवारावी.

रोपे विकणाऱ्यांनी पिशवीत माती, खत व जाड वाळू समभाग घ्यावी. इथे वाळूचे प्रमाण मोठे असल्याने ती उपयोगी पडते. गिऱ्हाइकाच्या घरी आठ दिवसांत मरणारे रोप विकणे ही बरकतीची तिजारत नव्हे. लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने वा जनावराने खाल्ले तरी तो लावणाऱ्याचा सदका ठरतो, अशी हदीस आहे. मग ते झाड जगेल याची काळजी विकणाऱ्यानेही घ्यायला हवी.

मोठी लागवड करायची असेल तर आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीची माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत तपासून घ्यावी. खत त्यानंतरच विकत आणावे.