किराण्याची यादी डॉक्टरला दाखवा

रक्तदाबाचा पेशंट आला की मी एक प्रश्न हमखास विचारते: घरात माणसं किती, आणि मिठाची किलोची पिशवी किती दिवस पुरते? दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चौघांचं घर असेल तर महिन्याला 600 ग्रॅम. त्यात लोणचं, पापड, पाव, फरसाण यांतलं मीठही आलं. म्हणजे एक पिशवी निदान 50 दिवस पुरायला हवी. ती महिन्याच्या आतच संपत असेल तर रक्तदाबाचं अर्धं उत्तर वाण्याच्या बिलावरच सापडतं.

तेलाची गोष्ट याहून महागडी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2000 कॅलरीच्या दिवसभराच्या आहारात तेल-तुपाला 27 ग्रॅम जागा दिली आहे. चौघांचे महिन्याला साधारण सव्वातीन किलो झाले. तुमच्याकडे पाच लिटरचा डबा महिनाअखेरीला पालथा पडत असेल, तर जास्तीचे पैसे जातातच, वर कोलेस्टेरॉल तपासायचा खर्च येतो. डब्यातून थेट कढईत ओतणं बंद करा. दर सोमवारी पाऊण किलो तेल बाटलीत काढा आणि आठवडा त्यात भागवा. पहिल्या आठवड्यात शुक्रवारीच बाटली रिकामी होईल. होऊ द्या, पुढच्या आठवड्यात हात आपोआप आखडतो.

महागाईत काय खावं, असं कुणी विचारलं की म्हणूनच मी आधी यादी मागते. बिस्किटं, फरसाण, नूडल्स, थंड पेयं यांवर काट मारताना मला विचार करावा लागत नाही. वाद होतो तो मुलाची उंची वाढावी म्हणून आणलेल्या, दुधात घालायच्या पावडरीवर. डब्यामागचा बारीक मजकूर वाचा, बहुतेकांत साखर बरीच वरच्या क्रमांकावर दिसेल. अशा पेयांना ‘हेल्थ ड्रिंक’च्या यादीतून काढा, असं केंद्र सरकारने एप्रिल 2024 मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना कळवलं होतं. त्या डब्याच्या पैशांत अंडी घ्या. एका अंड्यात 6 ग्रॅम प्रथिनं असतात, मूठभर शेंगदाण्यांत साधारण 7. मात्र शेंगदाणे स्वस्त मिळाले म्हणून काळे पडलेले, बुरशी आलेले आणू नका. त्या बुरशीचं विष यकृतावर जातं आणि भाजून जात नाही.

काटकसर चुकते ती डाळीपाशी. तूर महागली की आमटी पातळ होत जाते, आणि भाताच्या डोंगराने पोट भरतं. तूर परवडत नसेल तर मसूर आणा, चवळी-मटकीला मोड आणा. नगर-जुन्नरकडच्या घरांत हुलग्याचे शेंगोळे अजून होतात, त्यांना गरिबाचं जेवण म्हणून नाक मुरडू नका. नाचणीत दुधाच्या जवळजवळ तिप्पट कॅल्शियम असतं. शेवग्याचा पाला तर अनेकांच्या दारात फुकट आहे.

रेशनच्या तांदळात काही दाणे जरा वेगळ्या रंगाचे दिसतात, पाण्यात तरंगतात. ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून ते वेचून फेकणाऱ्या बायका मला दर महिन्याला भेटतात. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-12 मिसळून ते दाणे बनवतात आणि शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात मिसळतात. वेचू नका, चार-चार पाण्यांनी धुऊ नका. घरात कुणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल, तर त्याच्यापुरतं डॉक्टरांना विचारा.

उरलेल्या अन्नाचंही ऐका. बायबलमधली पाच हजारांच्या भोजनाची गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. योहान सांगतो की त्या पोराच्या भाकरी जवाच्या होत्या, म्हणजे त्या काळच्या गरिबांच्या. सगळे तृप्त झाल्यावर प्रभू येशूने उरलेले तुकडे गोळा करायला लावले आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या हातून एवढं अन्न निर्माण होतं, त्यालाही नासाडी नको होती. तेव्हा शिळ्या भाकरीचा कुस्करा, फोडणीचा भात यांत कमीपणा मानू नका. पण निर्गमात रात्रभर ठेवलेल्या मान्न्याला किडे पडले, हेही लक्षात असू द्या. रात्रीचा भात ओट्यावर तसाच राहिला तर त्यात जंतू वाढतात, आणि त्यांतल्या काहींचं विष सकाळी फोडणी देऊनही मरत नाही. भात पसरून लवकर गार करा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर रात्री मोजकाच लावा.

आता जे मला मुख्यतः सांगायचं आहे ते. यादीत काटछाट करायच्या आधी बहुतेक घरांत आई स्वतःच्या ताटात काटछाट करते. अंडी मुलांना, दूध सासऱ्यांना, रविवारी उपासनेनंतरच्या मटणाच्या फोडी नवऱ्याला, आणि तिच्या वाट्याला रस्सा. देशातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरांतल्या 57 स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. नीतिसूत्रांच्या 31व्या अध्यायावर आमच्या मंडळीत दरवर्षी प्रवचन होतं. ती सद्गुणी स्त्री पहाटेच्या अंधारात उठते, यावर पाळकसाहेब पुष्कळ बोलतात. तिचे बाहू बळकट आहेत, हेही तिथेच लिहिलं आहे. हिमोग्लोबिन 8 असताना बाहू बळकट राहत नाहीत. आणि याईराच्या मुलीला उठवल्यावर प्रभूने पहिल्यांदा काय सांगितलं? तिला काहीतरी खायला द्या. डॉक्टर म्हणून मला तो प्रसंग फार जवळचा वाटतो.

तेव्हा भगिनींनो, वाचलेल्या पैशांतलं पहिलं अंडं तुमचं. मटण परवडत नसेल तर कोंबडीची कलेजी घ्या, स्वस्त असते आणि लोह भरपूर (गरोदर असाल तर आधी विचारा). पालेभाजीवर लिंबू पिळा, चहा जेवणानंतर तासाभराने घ्या. दम लागत असेल, पाय ओढत असतील, तर सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात. त्या चहा-दुधाबरोबर नका घेऊ, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळं होईल, त्याने घाबरून गोळ्या बंद करू नका.