शॉटरीचे शाकारलेले घर

इंग्लंडमध्ये स्ट्रॅटफर्ड गावाजवळ शॉटरी येथे एक जुने शेतकरी घर आहे. नाटककार शेक्सपिअर याची पत्नी ॲन हॅथवे हिचे ते माहेर. त्यांचा विवाह १५८२ साली झाला. घराचा जुना भाग तर पंधराव्या शतकातला आहे.

या घराचा भार भिंतींवर नाही. त्या काळचे सुतार वाकड्या ओक वृक्षाचा बुंधा उभा चिरून दोन जुळे वासे काढीत. ते समोरासमोर उभे करून आढ्यापाशी जोडीत आणि सांधे लाकडी खुंट्यांनी पक्के करीत. अशा जोड्यांवर सारे छप्पर तोलले जाई. भिंती म्हणजे केवळ आडोसा. लाकडी चौकटींत कामट्यांचा कूड विणून त्यावर माती, शेण व पेंढा यांचे लिंपण करीत. कोकणातील कुडाच्या घरांचीही रीत अशीच असे.

छप्पर जाड पेंढ्याने शाकारलेले आहे. त्याचा उतार मुद्दाम तीव्र ठेवतात. त्यामुळे पाणी आत मुरण्यापूर्वीच ओघळून जाते. जाड थरामुळे हिवाळ्यात ऊबही टिकते.

अशा छपराचा मोठा वैरी म्हणजे अग्नी. १९६९ साली आगीने या घराची फार हानी केली. परंतु १८९२ पासून त्याचा सांभाळ करणाऱ्या संस्थेने ते पुन्हा उभारले. लिंपण झडते, पेंढा कुजतो. तो नवा करणारे हात पिढ्यान्‌पिढ्या लाभले, म्हणूनच हे घर टिकले.

स्वाध्याय
१. घराचा भार भिंतींवर का नाही?
२. छपराचा उतार तीव्र का ठेवतात?
३. वाक्यांत उपयोग करा : शाकारणे, ओघळणे.