पर्वतांच्या मुळाशी सोन्याचा माग
चेन्नईचा खडक, कोलारची खाण आणि वाळवंटातील सोने

जगातील सोन्याच्या खाणींचा नकाशा पाहिला, तर त्यांतील अनेक मोठ्या खाणी वाळवंटात आढळतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातील कालगुर्ली, उझबेकिस्तानच्या किझिलकुम वाळवंटातील मुरुंताऊ आणि इजिप्तच्या पूर्व वाळवंटातील प्राचीन खाणी ही त्याची ठळक उदाहरणे होत. त्यावरून वाळवंट आणि सोने यांचे कार्यकारण नाते असावे, असा समज होतो. प्रत्यक्षात वाळवंट सोने निर्माण करीत नाही. सोन्याचे असे साठे पर्वत उभे राहत असताना, भूपृष्ठाखाली कित्येक किलोमीटर खोलीवर तयार होतात. पुढे कोट्यवधी वर्षांत पर्वत झिजतात आणि त्यांच्या मुळाशी असलेले खडक उघडे पडतात. त्या भूमीवर आज वाळू आहे की भातशेती, हे नंतरच्या हवामानाने ठरते. हा नियम चेन्नई आणि तिच्या पश्चिमेला अडीचशे किलोमीटरांच्या आत असलेले कोलार यांच्या तुलनेतून चांगला समजतो.

सोने एकवटते कसे?

भूकवचात सोने सर्वत्र आहे. परंतु त्याचे प्रमाण टनामागे काही मिलिग्रॅम एवढेच असते. खाण किफायतशीर होण्यासाठी ते टनामागे काही ग्रॅम असावे लागते. म्हणजेच ते निसर्गाने सुमारे हजारपट एकवटले पाहिजे. हे काम उष्ण पाणी करते. पर्वतनिर्मितीच्या काळात भूकवचाचे तुकडे एकमेकांवर दाबले जातात आणि जुने लाव्हा-खडक खोल गाडले जाऊन तापतात. तापमान सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की त्यांच्या खनिजांतील पाणी, कार्बन डाय-ऑक्साइड व गंधक मोकळे होतात. गंधकाशी संयोग पावून सोने या द्रावणात विरघळते आणि भेगांच्या वाटेने वर चढते. वाटेत भूकंपामुळे भेग उघडून दाब एकाएकी कमी झाला किंवा लोहयुक्त खडकाने द्रावणातील गंधक ओढून घेतले, की सोने गारेच्या शिरांमध्ये उतरते. असे साठे बहुतांशी ५ ते १५ किलोमीटर खोलीवर तयार होतात.

चेन्नईचा खडक

चेन्नईतील सेंट थॉमस माउंट आणि पल्लावरम येथील टेकड्या एका कठीण, काळसर-निळसर खडकाच्या आहेत. १८९३ मध्ये भूशास्त्रज्ञ थॉमस हॉलंड यांनी त्याला ‘चार्नोकाइट’ हे नाव दिले. कोलकात्यातील जॉब चार्नोक यांच्या कबरीवरील शिळा याच खडकाची आहे, म्हणून हे नाव. सेंट थॉमस माउंट येथील हा खडक भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केला आहे.

सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी हा खडक वीस किलोमीटरांहून अधिक खोलीवर, ७०० अंशांहून अधिक तापमानात घडला. एवढ्या उष्णतेत खडकातील बहुतेक पाणी आधीच बाहेर पडून वर गेलेले असते. सोने वाहून नेणारे माध्यमच उरत नाही. आणि ज्या वरच्या थरांत ते साठण्याजोगे असते, ते थर झिजेत नाहीसे होतात. म्हणून अशा खडकांत मोठे साठे विरळा सापडतात.

दक्षिण भारताचे भूकवच जणू उत्तरेकडून दक्षिणेकडे कलते कापलेले आहे. रायचूर जिल्ह्यातील हट्टीच्या परिसरात कमी खोलीवरचे खडक दिसतात, कोलारला त्याहून खोलवरचे, तर तमिळनाडूत सर्वांत खोलवरचे. रायचूरहून दक्षिणेकडे येणे म्हणजे भूकवचाच्या जिन्याने खाली उतरणे होय. सोने या जिन्याच्या मधल्या पायऱ्यांवर आहे.

हा संबंध ओळखणाऱ्यांत रॉबर्ट ब्रूस फूट यांचे नाव अग्रगण्य आहे. १८६३ मध्ये पल्लावरम येथे अश्मयुगीन हत्यार शोधणाऱ्या याच भूशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात धारवाड शिस्ट खडकांचे पट्टे निराळे दाखवून दिले आणि दक्षिणेतील सोने प्रामुख्याने त्यांतच असल्याचे प्रतिपादन केले.

वाळवंटाचा वाटा

कालगुर्लीचे खडक धारवाडच्या खडकांप्रमाणेच २५० कोटी वर्षांहून जुने आहेत. मुरुंताऊचे सोने सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या पर्वतनिर्मितीचे आहे. काळ वेगळा, प्रक्रिया एकच. वाळवंटाचा वाटा शोध सुलभ करण्यापुरता आहे. तेथे झाडोरा व मातीचे आच्छादन विरळ असल्याने गारेच्या शिरा डोळ्यांना दिसतात. मात्र जे शोधास सोयीचे, ते उत्खननास गैरसोयीचे ठरते : कालगुर्लीला १९०३ मध्ये पाचशे किलोमीटरांहून लांब नळवाहिनीने पाणी न्यावे लागले. भारतात लाल माती, शेती आणि उत्तरेकडे दख्खनच्या बेसाल्टचे थर हे खडक झाकून टाकतात. त्यामुळे येथे नकाशा, रासायनिक नमुने व खोल छिद्रण यांवरच भिस्त ठेवावी लागते.

चुकीच्या पायरीची किंमत

भूशास्त्राकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, हे तत्कालीन मद्रास इलाख्याने पाहिले आहे. १८८० च्या सुमारास वायनाडच्या सोन्यासाठी लंडनमध्ये अनेक कंपन्या उभ्या राहिल्या. तेथील खडक खोल भूकवचातील; सोने होते, पण तुटपुंजे व विखुरलेले. काही वर्षांतच बहुतेक कंपन्या बुडाल्या. त्याच दशकात कोलारच्या शिस्ट पट्ट्यात मात्र यश आले. पुढील सुमारे १२० वर्षांत तेथून अंदाजे ८०० टन सोने निघाले आणि खाण तीन किलोमीटरांहून खोल गेली.

तथापि योग्य पायरीवरचा साठाही अक्षय नसतो. खोली व खर्च वाढत गेला, धातूचे प्रमाण घटत गेले आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी कोलारची खाण बंद झाली. तिच्यावर पिढ्यान् पिढ्या जगलेल्या हजारो कामगार कुटुंबांची उपजीविका गेली. आपल्या गरजेचे बहुतेक सोने आयात करणाऱ्या देशात नव्या साठ्यांचा शोध महत्त्वाचा आहेच. पण सार्वजनिक पैसा कोठे खर्च करावा, हे आधी खडकाला विचारले पाहिजे. आणि खाण सुरू होतानाच तिच्या अखेरीचा, म्हणजे कामगारांच्या पुढील रोजगाराचा, विचार नियोजनात समाविष्ट असला पाहिजे.