दिवसातून दोनदाच हात

आमच्या मराठी मंडळाचा गणपती शाळेच्या सभागृहात बसतो. टेक्ससमध्ये शाळेच्या इमारतीत पिस्तूल नेणं हा गुन्हा आहे, परवाना खिशात असला तरी. म्हणून कमरेला पिस्तूल बाळगणारे आमच्यातले चार-दोन जण पार्किंगमध्ये ते काढून गाडीत ठेवतात आणि मग आरतीला आत येतात. मागे असाच एक जण कार्यक्रम आटोपून गाडीत बसला आणि बसल्या बसल्याच पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमध्ये परत सरकवू लागला. अंगात सणाचा झब्बा. झब्ब्याची चुणी पिस्तुलाबरोबर होल्स्टरमध्ये गेली आणि चापावर दाबली गेली. गोळी मांडीचं कातडं सोलून, सीट फोडून खालच्या डांबरात घुसली. पलीकडच्या गाडीत मी नातवाला पट्टा लावत होतो.

हा माणूस रेंजवर माझ्यापेक्षा सरस नेम धरतो. त्याचं पिस्तूलही चांगलं होतं, त्यात काही बिघाड नव्हता. ग्लॉकसारख्या बऱ्याच आधुनिक पिस्तुलांना अंगठ्याने लावायची बाहेरची सुरक्षा-कळ नसतेच. चाप दाबला की गोळी सुटते. चाप बोटाने दाबला की कापडाने, हे पिस्तुलाला कळत नाही.

माझं पेट्रोल पंपाला लागून छोटं दुकान आहे. रात्री गल्ल्यातली रोकड घेऊन निघावं लागतं, म्हणून मी पिस्तूल बाळगतो. पिस्तुलाच्या प्रशिक्षणाला आलेल्या नवख्यांचे प्रश्न ठरलेले असतात : दरोडेखोर समोर आला तर काय, दोघे आले तर काय. पिस्तूल संडासात कुठे ठेवायचं हे कोणी विचारत नाही. खरं तर दरोडेखोराची गाठ बहुतेकांना जन्मात पडत नाही, संडासाची रोज पडते. अपघात होतात ते पिस्तूल घालताना, काढताना, इकडून तिकडे ठेवताना. मुंबईत १ ऑक्टोबर २०२४च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या पायात गोळी घुसली, तीही परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना, असंच बातम्यांत आलं. समोर कोणी शत्रू नव्हता.

म्हणून माझा सगळा बंदोबस्त एका गोष्टीभोवती आहे : पिस्तुलाला दिवसातून दोनदाच हात लागला पाहिजे. सकाळी घालताना आणि रात्री तिजोरीत ठेवताना. मध्ये जितक्या वेळा ते हाताळाल तितक्या वेळा गोळी सुटायची संधी तुम्हीच देता.

याची सुरुवात होल्स्टरपासून होते. पिस्तुलावर हजार डॉलर घालणारी माणसं होल्स्टर मात्र वीस डॉलरचं घेतात, याचं मला कायम नवल वाटतं. चापाभोवतीचं कडं पूर्ण झाकणारं, पिस्तूल बाहेर काढल्यावरही तोंड उघडं राहणारं, कडक कायडेक्स प्लॅस्टिकचं किंवा जाड चामड्याचं होल्स्टर घ्या, आणि त्याला पेलणारा पट्टा. जुनं, मऊ पडलेलं चामडं टाकून द्या. त्याची कड आत दुमडते आणि झब्ब्याने केलं तेच करते. दुपारपर्यंत होल्स्टर टोचायला लागलं की माणूस चारचौघांत ते चाचपत, सरकवत बसतो. लपवलेलं पिस्तूल अशाने लोकांच्या नजरेत येतं, ते वेगळंच.

घालायचं ते उभं राहून, गाडीत बसून कधीही नाही. एका हाताने कपडा वर धरा, बोट चापापासून लांब, पिस्तुलाच्या अंगाला सरळ ठेवा, होल्स्टरच्या तोंडाकडे डोळ्यांनी बघा, मग सावकाश सरकवा. कुठे अडलं तर रेटू नका. बाहेर काढा, काय अडलं ते पाहा. पिस्तूल बाहेर काढण्यात घाई असू शकते, आत ठेवण्यात घाईचं कारण मला आजवर सापडलेलं नाही. गाडीत ठेवणं भागच असेल तर होल्स्टरसकट काढा आणि होल्स्टरसकट छोट्या तिजोरीत ठेवा, म्हणजे चाप उघडा पडतच नाही. तिजोरी सीटच्या सांगाड्याला तारेने बांधलेली हवी. डॅशबोर्डमधला कप्पा ही तिजोरी नव्हे, चोर पहिला तोच उघडतो. त्याहून बरं म्हणजे आज शाळा, पोस्ट किंवा विमानतळ वाटेवर आहे हे सकाळीच आठवलं, तर पिस्तूल घरीच ठेवा. गणपतीच्या दिवशी मी तेच करतो.

संडासाचं आता सांगतोच. २०१५मध्ये वॉशिंग्टनच्या संसदभवनात पोलिसांनी संडासात विसरलेली पिस्तुलं सापडली. त्यातलं एक लहान मुलाच्या नजरेस पडलं. ही प्रशिक्षित, पगारी माणसं. तेव्हा दाराच्या खुंटीवर, टाकीवर, कागदाच्या डब्यावर पिस्तूल कधीही ठेवू नका. ते होल्स्टरमध्येच राहू द्या, पट्टा सैल करा आणि विजार गुडघ्यांशी घट्ट धरून बसा. अमेरिकेतल्या सार्वजनिक संडासांचे आडोसे खालून वीतभर उघडे असतात, हे विसरू नका.

काही बायका पिस्तूल पर्समध्ये बाळगतात. माझा याला साफ विरोध आहे. पर्स खुर्चीला लटकते, ट्रॉलीत राहते, आणि पोरांचा हात तिच्यात आपसूक जातो. डिसेंबर २०१४मध्ये आयडाहो राज्यातल्या हेडन गावी, वॉलमार्टमध्ये खरेदी चालू असताना दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल ओढलं आणि आई जागीच गेली.

पिस्तूल हातून पडलंच तर पडू द्या. २०१८च्या जूनमध्ये डेन्व्हरच्या एका बारमध्ये सुट्टीवरच्या एफबीआय एजंटने नाचता नाचता उलटी कोलांटी मारली. पिस्तूल जमिनीवर पडलं तेव्हा काही झालं नाही. त्याने ते झटकन उचललं तेव्हा गोळी सुटली आणि एका गिऱ्हाइकाच्या पायात गेली. आजची चांगली पिस्तुलं नुसती पडून सहसा उडत नाहीत, झडप घालणारं बोट मात्र चापावरच पडतं. (बारमध्ये पिस्तूल घेऊन जाण्याबद्दल मी काय बोलू? प्यायची असेल त्या दिवशी बाळगायचं नाही, विषय संपला.)

रोज रात्री पिस्तूल रिकामं करून सकाळी भरणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. तेच काडतूस चेंबरमध्ये पुन्हा पुन्हा गेलं की टोकाची गोळी केसमध्ये थोडी थोडी आत दबत जाते. मग उडवताना दाब धोकादायक वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभं करून उंची बघा, बसकं दिसलं तर बाजूला काढा. मी तर पिस्तूल भरलेलंच, होल्स्टरसकट तिजोरीत ठेवतो. घरात मुलं असोत, नसोत. टेक्ससमध्ये निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं शस्त्र सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर तो गुन्हा आहेच. शिवाय भारतातून सहा महिन्यांसाठी आलेली आई तिसऱ्या दिवशी आपली सगळी कपाटं आवरायला काढते, याचाही विचार करा.

कायद्याचं थोडक्यात. एच-वन-बी व्हिसावर असेपर्यंत, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडता, बंदूक बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे. ग्रीन कार्ड आल्यावरच विचार करा. १ सप्टेंबर २०२१पासून टेक्ससमध्ये पात्र व्यक्तीला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं, तरी परवाना काढाच. शाळेपासून हजार फुटांच्या आत केंद्रीय कायदा आड येतो, आणि राज्याचा परवाना असलेल्याला त्यातून सूट आहे. आमच्या वस्त्यांत शाळा टाळून दूध आणायलाही जाता येत नाही.

आणि भारतात जाताना. २०२३मध्ये अमेरिकेच्या विमानतळांवर तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या, बहुतेक भरलेल्या, आणि बहुतेकांचं उत्तर एकच : बॅगेत आहे हे विसरलो. मुंबई-दिल्लीला तर अडकायला पिस्तूलही लागत नाही. बॅगेच्या तळाशी राहिलेलं एक काडतूस पुरतं, १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो आणि सुट्टी वकिलाच्या कचेरीत जाते. रेंजवर न्यायची पिशवी वेगळी, भडक रंगाची ठेवा आणि ती प्रवासाच्या बॅगांत मिसळू देऊ नका. निघण्याआधी रेंजवर घातलेल्या जॅकेटचे खिसेही उलटे करून पाहा.