इंजिनाची जन्मपत्रिका

मशीन ड्रॉइंगच्या तासाला आपण इंजिन ब्लॉकचे तीन-तीन व्ह्यू काढतो, पण त्या ब्लॉकवर जे आकडे असतात ते वाचायला आपल्याला कुणी शिकवत नाही. वायव्हाला एक्स्टर्नलने विचारलं तर अर्धी बॅच गार! म्हणून हा लेख.

ब्लॉकवर दोन प्रकारचे आकडे असतात. एक ओतलेले, दुसरे ठोकलेले. ओतलेला म्हणजे कास्टिंग नंबर उठावाचा असतो. पॅटर्नवर आकडे उठावाचे कोरतात, वाळूत त्यांचा उलटा खळगा उमटतो आणि बीड ओतलं की ब्लॉकवर पुन्हा सुलटे आकडे येतात. कडा गोलसर, अंगावर वाळूचा खरखरीतपणा. एका पॅटर्नमधून निघालेल्या हजारो ब्लॉकांवर हाच नंबर. म्हणजे हे झालं आडनाव. आमच्या पोशेऱ्याला एकेका पाड्यावर एकाच आडनावाची कितीतरी घरं. नुसत्या आडनावावरून माणूस कसा सापडणार? माणूस सापडतो ठोकलेल्या नंबरावरून. मशीनिंग झाल्यावर ब्लॉकच्या सपाट पॅडवर पोलादी पंचाने तो ठोकतात. आत दबलेला, कडा धारदार, आणि प्रत्येक इंजिनाचा वेगळा. आरसी बुकात लिहिलेला असतो तो हाच.

हे सगळं मला कामाला आलं ते दिवाळीच्या सुट्टीत. पोशेरा म्हणजे मोखाडा तालुका (२०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये). मामांनी मोगऱ्याच्या पैशातून थोडी शिल्लक टाकली होती आणि एका ओळखीच्याची जुनी पेट्रोल जीप घ्यायचं मनात होतं. पण ब्लॉकवरच्या नंबराच्या शेवटी 'ए' हे अक्षर होतं आणि बुकात ते नव्हतं. कुणीतरी कानात घातलं की इंजिन चोरीचं आहे. मामा म्हणाले, "भाच्या, तू इंजिनिअर होतोयस ना? मग बघून सांग, इसार देऊ का नको."

आधी जात ओळखायची. बॉनेट उंच म्हणजे गाडी सीजे-३बी. विलिसने हे मॉडेल १९५३ साली आणलं. १९४९ पासून मुंबईत विलिसच्या जीप जोडणाऱ्या महिंद्राने पुढे तेच आपल्याकडे वर्षानुवर्षं चालवलं. बॉनेट उंच का, तर इंजिन उंच. युद्धातल्या जीपचं इंजिन एल-हेड. दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, वरचं हेड एखाद्या पाटासारखं सपाट आणि त्यावर प्लग उभे. ३बीचं एफ-हेड, इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे वर रॉकर कव्हर दिसतं. दोन्हींचा बोअर ३ १/८ इंच, स्ट्रोक ४ ३/८ इंच. कॅल्क्युलेटर काढा: चार सिलिंडरचे २१९९ सीसी येतात. म्हणून बुकातल्या सीसीवरून हे दोन वेगळे करता येत नाहीत, डोळ्यांनीच बघावं लागतं. आपल्या भागात बऱ्याच जुन्या जीपना मागाहून डिझेल इंजिन बसवलेलं असतं. पण ते ओळखायला नंबर कशाला, फ्युएल इंजेक्शन पंप दिसला की कळतंच.

मग ठोकलेला नंबर. या इंजिनात तो पुढे, ब्लॉकला वॉटर पंप बसतो तिथल्या पॅडवर असतो. ग्रीस आणि रंगाचे थर रॉकेलने आणि चिंधीने काढायचे. वायर ब्रश नको, ग्राइंडर तर नकोच. नंतर कागद ठेवून पेन्सिल फिरवायची, चेसिस नंबरची ट्रेस घेतात तशी. सुरुवात '४जे' अशी, ३बीशी जुळणारी. पुढचे आकडे बुकाप्रमाणे. कटरच्या बारीक समांतर रेघा आकड्यांच्या दोन्ही बाजूंना सरळ सलग चाललेल्या. जुना नंबर घासून नवा ठोकला असता तर पॅडला चकाकी किंवा खोलगटपणा आला असता, रेघा मोडल्या असत्या. तसं काही नव्हतं.

इथे थोडी मेटलर्जी. पंच मारला की आकड्याच्या तळाखालचं लोखंडही दबून विरूप होतं. वरचा आकडा घासून टाकला तरी तो खालचा थर राहतो. फॉरेन्सिक लॅबमध्ये कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या द्रावणाने एचिंग करून तो पुन्हा उमटवतात. पोलादावर हे चांगलं जमतं. बिडात ग्राफाइट असल्यामुळे कठीण जातं. कास्टिंग नंबरला ही सोयच नाही, कारण तो दाबलेला नसतो, ओतलेला असतो.

राहिला तो 'ए'. विलिसच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्याचा अर्थ दिलेला आहे. नंबरामागे 'ए' म्हणजे मेन आणि कनेक्टिंग रॉड बेअरिंग ०.०१० इंच अंडरसाइज, 'बी' म्हणजे पिस्टन तेवढेच ओव्हरसाइज, 'एबी' म्हणजे दोन्ही. कारखान्यातच क्रँक जरा जास्त ग्राइंड झाला तर तो फेकून न देता तशी खूण करून वापरत. म्हणजे 'ए' हा नंबराचा भागच नव्हता, बुकात तो नसणं साहजिक होतं! चोरीचा संशय तिथेच संपला. इंजिन खरंच बदललेलं असतं तर मात्र १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओत तशी नोंद लागली असती, आणि ती नसती तर मी मामांना नकोच म्हटलं असतं.

मिस्त्री लगेच म्हणाला, "मग दहा थाऊचे बेअरिंग आणतो." मी त्याला थांबवलं. शिक्का कारखान्यातला, नंतरच्या साठेक वर्षांत क्रँक पुन्हा ग्राइंड झालाच नसेल कशावरून? मालक समजूतदार होता, त्याने संप उघडू दिला. एका रॉडची कॅप काढून मायक्रोमीटर लावला. स्टँडर्ड जर्नल १.९३७५ इंच, म्हणजे ४९.२१ मिमी. 'ए' प्रमाणे ४८.९६ यायला हवे होते. आले ४८.६९. म्हणजे क्रँक वीस थाऊवर गेलेला, वर थोडी झीज.

मामांनी तेवढ्यावरून किंमत आठ हजारांनी उतरवली आणि मग इसार दिला. बेअरिंग नाशिकहून आणली, वीस थाऊची.