पिसं बघून कोंबडी घेऊ नकोस

सूनबाई, बचत गटाच्या पैशातून कोंबड्या घेणार आहेस, तर बाजारात जायच्या आधी एवढं ऐक. विकणारा तुला आधी रंग दाखवील. काळी ताकदीची, तांबडी चवीची, असं सांगेल. तू कोंबडी हातात घे, छाती चाचपून बघ. हाड हाताला धारेसारखं लागत असेल तर ती कोणत्याही रंगाची असो, खाली ठेव.

पिसाचा रंग मांसात उतरत नाही. लोक कडकनाथाचा दाखला देतात. झाबुआचा तो पक्षी, 2018 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं काळं रंगद्रव्य कातडीत, मांसात, हाडांवरच्या पडद्यातही भरलेलं असतं. म्हणून सोनेरी झाकेचा कडकनाथही आतून काळाच निघतो, आणि आपल्या गल्लीतली काळी कुळकुळीत गावरान आतून नेहमीसारखीच. कडकनाथ घ्यायचाच असेल तर चोच उघडून जीभ बघ, पंखाखाली फुंकर मारून कातडी बघ. चरबीचा पिवळेपणा तर बराचसा मक्याने आणि हिरव्या पाल्याने येतो.

रंगाचा उपयोग आहे तो उघड्यावर. पांढरी पिल्लं घारीला लांबून दिसतात. कबरी, मातकट पिल्लं पाचोळ्यात लपतात. उन्हाळा कडक असेल तर उघड्या मानेची जात बघ. अंगावर पिसं कमी, म्हणून धाप कमी लागते.

खरा फरक नर-मादीचा. कोंबडा लवकर वाढतो, वजनाला भरतो, अंगावर चरबी कमी. तलंगीच्या अंगी चरबी धरते, म्हणून रस्स्याला तवंग चांगला येतो. गावरान कोंबडा 5-6 महिन्यांत, पायाचा काटा लांबायच्या आत विक. वर्षाचा झाला की मांस चिवट होतं, मग तो मंद आचेवर तासन् तास शिजवायचा.

रोगाच्या बाबतीत मादी उजवी. नराचं संप्रेरक तुरा लाल करतं, अंग वाढवतं, पण रोगाशी लढायची ताकद काहीशी दाबतं. लस टोचली तरी मादीचं रक्त बहुतेकदा जास्त प्रतिपिंडं तयार करतं. शिवाय कोंबडे झुंजतात, तुऱ्याला जखमा होतात, आणि त्या जखमांतून देवीचा रोग शिरतो. म्हणून 8-10 माद्यांमागे एकच नर ठेव, बाकीचे वेळेत विक.

तरी मादी चिवट म्हणून लस चुकवू नकोस. मानमोडी आली की काळी, पांढरी, नर, मादी, कोणी सुटत नाही. पहिल्या आठवड्यात मानमोडीच्या लासोटा लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आठव्या आठवड्यात आर-टू-बी टोचून घे. आजारी पाखराला लस देऊ नये. सकाळी उन्हाआधी किंवा संध्याकाळी, थर्मासमध्ये बर्फ घालून लस आण. कालवली की दोन तासांत संपव. उरलेली दुसऱ्या दिवशी वापरू नकोस, उकळून खड्ड्यात पूर. आणि पुढच्या खेपेची तारीख चुलीमागच्या भिंतीवर लगेच खडूने लिही.